साडूचं मागचं चाक

२ जानेवारी. सकाळी ६.१०

ठरलं. मार्चमधली प्रौढांची मास्टर्स सायकल रेस मी जिंकणार. जिंकणार म्हणजे साडूच्या पुढे येणार. बाकीचे कितीही पुढे जाओत, त्यांच्याशी माझं वैर नाही.

कारण लिहून ठेवतो. काल साडूकडे जेवायला होतो. बैठकीत पूर्वी जिथे घड्याळ होतं तिथे आता त्याचा फोटो आहे. गेल्या वर्षी या रेसमध्ये तिसरा आला, त्याचा. गळ्यात पदक, बत्तीस दात बाहेर. दातांचाच डॉक्टर आहे, तेव्हा ती धंद्याची जाहिरातही झाली. बायको त्या फोटोसमोर पूर्ण दोन मिनिटं उभी राहिली (घड्याळ नसल्यामुळे अंदाजे) आणि म्हणाली, भाऊजींचं बाई कौतुक वाटतं.

सत्तावीस वर्षांच्या संसारात हा शब्द माझ्या वाट्याला दोनदा आला. एकदा स्वयंपाकघरातला गळका नळ मी स्वतः दुरुस्त केला तेव्हा. एकदा लेक झाली तेव्हा. ते खरं तर लेकीचं होतं, पण मी धरतो.

कौतुक: दोन.

५ जानेवारी

सायकल घेतली. वजन १२ किलो ६००. हे सायकलवाल्याचं म्हणणं नव्हे. ऑफिसच्या हुकाच्या काट्याला टांगून मी स्वतः घेतलंय. वजनमापे निरीक्षक आहे मी. तेवीस वर्षं लोकांचे काटे तपासतोय. पारड्याखाली चिकटवलेला लोखंडाचा तुकडा मला रस्त्याच्या पलीकडून दिसतो.

सायकलवाला म्हणाला, साहेब, याहून हलकी सायकल आहे, पण स्वाराने चार-पाच किलो उतरवले तरी काम तेच होतं. आगाऊ माणूस. हवेचा दाब बघायचं त्याचं यंत्र एकदा तपासायला हवं.

साडू सहा वर्षं सायकल चालवतोय. सहा वर्षांत गुडघे झिजले असणार. माझे कोरे आहेत. त्रेपन्नाव्या वर्षी इतके कमी वापरलेले गुडघे फार थोड्यांकडे असतील. माझ्यापुढे तो पासंगालाही पुरायचा नाही.

९ जानेवारी. सकाळी ७.४०

पहिली राइड. सहा किलोमीटर. चढ नव्हता, पण रस्त्याचा कल चढाकडे होता.

सायकलची ती घट्ट चड्डी घातली होती. बायको उठून खिडकीचा पडदा ओढून आली. परतताना भाजी मंडईतून यावं लागलं. मला पाहताच चार काटे ओट्याखाली गेले. कांदेवाली म्हणाली, साहेब, आज वेष पालटून तपासणी वाटतं? तिचा काटा हातासरशी बघितला. चोख होता.

१० जानेवारी. ऑफिस

बसवत नाही. खुर्चीवर जुन्या परिपत्रकांचा गठ्ठा घेऊन बसलोय. सायकलची सीट सदोष आहे.

१५ जानेवारी, रविवार

साडू पन्नास किलोमीटर सायकल मारून सकाळी नऊला आमच्याकडे टपकला. मेहुणी मागून रिक्षाने आली. घाम पुसायला बायकोने त्याला नवा टॉवेल दिला. तोच, जो मी गेल्या महिन्यात मागितला तेव्हा पाहुण्यांसाठी आहे म्हणाली होती. पोटात दुखलं. बायकोला सांगितलं, सकाळचं अंडं बाधलंय.

तो अंघोळीला गेल्यावर त्याची सायकल गॅलरीत नेली आणि कपडे वाळत घालायच्या दांडीला काटा अडकवून टांगली. ८ किलो २४०. माहितीपत्रकात कंपनी छातीठोक ७ किलो ९०० म्हणते. म्हणजे तीनशे चाळीस ग्रॅमची सरळ सरळ फसवणूक! दोन महिन्यांत इतका आनंद झाला नव्हता. तेवढ्यात मेहुणी गॅलरीत आली आणि दांडीला लटकलेली सायकल बघत राहिली. मी म्हटलं, वाळत घातलीय. ती बरं म्हणाली आणि आत गेली. मग आतून दोघी बहिणींचं हसणं बराच वेळ ऐकू येत होतं.

मला पाहून साडू म्हणाला, काय इन्स्पेक्टर, यंदा तुम्हीपण रेसला? वा! आणि ते दात.

मनापासून आनंद झाल्यासारखं दाखवतो, हे त्याचं सगळ्यात वाईट.

२४ जानेवारी

घरचा वजनकाटा तपासला. तो माझं वजन ८६ दाखवत होता, जे अर्थातच शक्य नाही. काट्याखाली शून्य जुळवायची चकती असते. ती तीन किलो मागे घेतली. ही फसवणूक नव्हे. टॉवेल, आदल्या दिवशीचं पाणी, थंडीत आखडलेली स्प्रिंग या सगळ्याची वजावट आहे. आमच्या खात्यातही प्रत्येक मापाला थोडी चूक माफ असते.

वजन: ८३. तीन आठवड्यांत तीन किलो उतरले. बायकोला सांगितलं. ती हो का म्हणाली. साडूने एक किलो उतरवला असता तर फोनवरून बहिणीचं अभिनंदन झालं असतं.

४ फेब्रुवारी. संध्याकाळी

लेकीने मोबाइलवरून फॉर्म भरला. चाळीस किलोमीटर, वीसच्या दोन फेऱ्या. मी तेव्हा चाकात हवा भरत होतो. ती वयोगटाचं काहीतरी सांगत होती. या वर्षीच्या एकतीस डिसेंबरला जे वय होईल ते धरतात, गट पाच-पाच वर्षांचे, मग काकांचं असं होतं, वगैरे. मी म्हटलं, मी त्रेपन्न, काका चोपन्न, दोघंही पन्नास ते चोपन्नमध्ये, यात सांगण्यासारखं काय आहे? नियम वाचण्यात माझी हयात गेली. ती म्हणाली, बाबा, ऐका तर. एवढ्यात पंप सटकला.

१२ फेब्रुवारी, रविवार

साडूने बोलावलं म्हणून त्याच्याबरोबर गेलो. शत्रूचा अभ्यास.

त्याने ड्राफ्टिंग शिकवलं. पुढच्याच्या मागच्या चाकाजवळ, हातभर अंतरावर आपलं पुढचं चाक ठेवायचं. वारा पुढचा खातो, मागच्याची निम्मी मेहनत वाचते. म्हणाला, वारा मी खातो, तुम्ही निवांत मागे बसा.

कुणी उगाच वारा खात नाही. माझ्या मनात भक्ताची भावना निर्माण करायचा डाव आहे. पण विद्या कामाची आहे. रेसभर त्याच्या मागे चिकटून राहायचं, त्याला दमवायचं, आणि शेवटच्या पन्नास मीटरला बाजूने निघून जायचं. त्यानेच शिकवलेल्या युक्तीने त्यालाच हरवणार, या विचाराने इतकी उकळी फुटली की चाक चाकाला लागलं आणि मी गवतात पडलो. तो लगेच उतरून आला, कोपर धुतलं, पट्टी लावली. पट्टीसुद्धा बरोबर ठेवतो. असल्या माणसावर रागावणं फार कष्टाचं असतं. मी ते करतो.

१९ फेब्रुवारी

राइड नाही. वारा.

२० फेब्रुवारी

राइड नाही. वारा नव्हता. कालच्या वाऱ्याचा धसका.

२६ फेब्रुवारी

बायको फोनवर बहिणीला म्हणत होती, भाऊजी रोज पहाटे उठतात, कमाल आहे बाई. कमाल! पहाटे उठायला काय लागतं? मीही उठतो. फक्त परत झोपतो.

लेकीने सांगितलं की साडू सध्या आठवड्याला दोनशे किलोमीटर चालवतोय. म्हणजे रेसपर्यंत पार गळून जाणार. मी ताजा.

१ मार्च

आजपासून विश्रांती. रेसआधी शरीराला आराम द्यावा असं सगळे तज्ज्ञ सांगतात. चार दिवस म्हणतात, पण मी अकरा घेतोय. वजन ८३. घट्ट धरून ठेवलंय.

भिंतीची मोजणी केली. आमच्या बैठकीत टीव्हीच्या वर फोटोसाठी दोन फूट बाय दीड फूट जागा आहे. खिळा ठोकला. बायकोने विचारलं, कशाला? म्हटलं, असू दे.

११ मार्च. संध्याकाळी ६

नंबर आणायला गेलो होतो. माझा निळा, ३१७. साडूचा पिवळा, ४०५. निळे संपले असावेत. आयोजकांची व्यवस्था ढिसाळ आहे.

बायको उद्या येणार म्हणाली. माझ्यासाठी की बहिणीबरोबर बसायला, ते विचारलं नाही. शेवटच्या रेषेजवळ उभी राहा एवढंच सांगितलं. तिथे काय ते दिसेल.

मनात धाकधूक आहे. हरलो तर हरलो, असं इतर कुणाबाबत म्हणता येईल. त्याच्यापुढे, तिच्यादेखत नको.

१२ मार्च, रविवार. दुपारी २

जिंकलो!

साडूला हरवलं. हॅंडल धरून बोटं आखडलीत. अक्षर वाईट येतंय, येऊ दे. सविस्तर लिहितो.

स्टार्टला आम्ही अठराजण. साडू कुठेच दिसेना! वाटलं, ऐन वेळी कच खाल्ली. शिट्टी झाली, निघालो. बाकीचे सतराजण उतावीळपणे पुढे निघून गेले. मी माझी गती राखली.

चौथ्या किलोमीटरला मागून आठ-दहा पिवळ्या नंबरांचा घोळका आला. त्यात साडू! उशिरा उठला असणार. मी झटकन घोळक्याच्या शेपटाला लागलो, हातभर अंतरावर. काय वेग! बाराव्या किलोमीटरपर्यंत उडत होतो. मग तो चढ आला. चढावर क्षणभर थांबून मी चाक तपासलं. सावध स्वार तपासतोच. घोळका पुढे गेला. पण साडूने मागे वळून पाहिलं, आणि काय सांगू, त्याचा दमच संपला! एकटा मागे पडला. रस्त्याच्या कडेला पाणी पीत रेंगाळला. माझं चाक तपासून होईपर्यंत त्याला पाय उचलेना. दोनशे किलोमीटर आठवड्याला! मी म्हटलंच होतं.

त्यानंतर अठ्ठावीस किलोमीटर मी जळवेसारखा त्याच्या मागच्या चाकाला चिकटलो. त्याने मला झटकायचे नाना प्रयत्न केले असतील, पण सुटलो नाही. दर पाच मिनिटांनी घाबरून वळून बघायचा, मी आहे का. एकदा त्याची पाण्याची बाटलीही माझ्या हाती लागली. म्हणजे त्यानेच दिली. वजन कमी करत होता.

पहिल्या फेरीअखेर बायको, मेहुणी आणि लेक रेषेजवळ उभ्या होत्या. मेहुणी काही तरी बोलली. वाऱ्यात ऐकू आलं नाही.

शेवटच्या शंभर मीटरला साडू ओरडायला लागला, चला इन्स्पेक्टर, चला, आता! मला बिथरवण्यासाठी. मी सगळा जीव पायात आणला, बाजूने निघालो, आणि अर्ध्या चाकाने पुढे! अर्ध्या चाकाने!

सायकलवरून उतरलो. दुभाजकावर बसलो. बायको पळत आली. पळत! डोळ्यांत पाणी होतं तिच्या. म्हणाली, कौतुक आहे बाई, खरंच कौतुक आहे.

कौतुक: तीन.

साडूने मिठी मारली. हरूनसुद्धा दात तेवढेच दाखवत होता. मला त्याची थोडी कीव आली. कीव येण्यात किती सुख असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

१३ मार्च. ऑफिस

मोबाइलवर निकाल आला. यादीत घोळ आहे. पन्नास ते चोपन्न गटात मी सतरावा. अठरावा पंक्चर. ते असो. पण या यादीत साडू नाहीच! तो दुसऱ्याच यादीत आहे, पंचावन्न ते एकोणसाठ. माझी वेळ १ तास ३४ मिनिटं. त्याची १ तास ३२. आम्ही एकत्र पोचलो आणि त्याला दोन मिनिटं कमी? हे माप साफ खोटं आहे. आयोजकांचं घड्याळ तपासायला मागणार. मसुदा तयार केला.

संध्याकाळी ७

लेकीला मसुदा वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, बाबा, काका नोव्हेंबरात पंचावन्नचे होणार, म्हणून एकतीस डिसेंबरच्या हिशेबात ते वरच्या गटात. पिवळा नंबर त्या गटाचा. तो गट तुमच्यानंतर दोन मिनिटांनी सोडला. मी सांगत होते, तुम्ही हवा भरत होतात.

म्हणजे मी ज्याला हरवलं तो माझ्या रेसमध्ये नव्हताच.

मसुदा फाडला. पण रेष एकच होती ना? तिच्यावर आधी कोण गेलं? गट वगैरे कागदावरच्या गोष्टी झाल्या. मागून येऊनसुद्धा तो शेवटी मागेच राहिला, हे कुणी नाकारू शकत नाही. त्याच्या गटात तो नववा आलाय. गेल्या वर्षी तिसरा, यंदा नववा. उतरती कळा.

तीन कायम.

१९ मार्च, रविवार

फोटो आला. लेकीने रेषेवर काढलेला, मोठा करून चौकटीत. बायकोनेच दुकानातून आणला! खिळ्यावर लावला. छान बसला. मी पुढे, साडू मागे. आलेल्या-गेलेल्याला आता दाखवता येईल.

उद्या ऑफिसातलं भिंग घरी आणतो. अर्धं चाक नेमकं किती सेंटिमीटर होतं ते मोजून खाली चिठ्ठी लावायची आहे.

२० मार्च. संध्याकाळी ६.३०

भिंग आणलं. वजनांवरचे शिक्के वाचायचं, दसपट मोठं दाखवणारं. फोटो खाली उतरवून टेबलावर ठेवला.

चाकापासून सुरुवात केली. चौतीस सेंटिमीटर निघतात. मग सहज भिंग मागे नेलं, साडूच्या हॅंडलवर. त्याची दोन्ही हातांची बोटं ब्रेकवर आहेत. ब्रेकची पाती हॅंडलला टेकलीत. पूर्ण दाबलेले ब्रेक. शेवटच्या मीटरवर, रेषेवर, माणूस ब्रेक दाबतो कशाला?

तेवीस वर्षं मी ओट्याखालची बोटं बघतोय. पारडं कोण दाबतंय ते मला लगेच कळतं. इथे आठ दिवस लागले.

बायकोला विचारलं. आधी टाळत होती, भाऊजींनी सांगू नका म्हटलंय म्हणाली. मग सांगितलं. चढावर मी चाक तपासत नव्हतो. सायकल आडवी टाकून कठड्याला धरून उभा होतो आणि चेहरा पांढराफटक झाला होता. ते पाहून तो घोळक्यातून मागे आला. ज्या घोळक्यातून तो निघाला, त्यातलेच तिघं त्यांच्या गटात पदकं घेऊन गेले. पहिल्या फेरीला आमची जोडी बघून मेहुणी बोलली ते हेच होतं, की यंदाचं पदक गेलं बाई, पण गेलं ते चांगल्या कामाला गेलं. अठ्ठावीस किलोमीटर वारा खाल्ला त्याने माझ्यासाठी. आणि मला अर्धं चाक दिलं, टॉवेल द्यावा तसं.

मी म्हटलं, हे मला आधी का नाही सांगितलं? ती म्हणाली, तुम्ही इतके खूश होतात. सत्तावीस वर्षांत तुम्हाला इतकं खूश बघितलं नव्हतं.

पुन्हा भिंग घेतलं. फोटोच्या उजव्या कडेला ती उभी आहे, टाळी वाजवताना, डोळे भरलेले. नजर कुठे आहे ते बघायला पट्टी ठेवली. दोनदा ठेवली. रेघ माझ्या हेल्मेटच्या मागून जाते आणि साडूवर थांबते.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. त्यातही जळतो मी, हेही लिहून ठेवतो. हरवायचं तर हरवावं ना माणसाने, सरळ. चांगुलपणातही पहिला नंबर मारला त्याने आणि मला सतरावा ठेवला.

७.१५

बाथरूममध्ये जाऊन काट्याची चकती शून्यावर आणली. उभा राहिलो. ८६ किलो ४००. म्हणजे दोन महिन्यांत चारशे ग्रॅम वाढलो.

बायको दारात होती. म्हटलं, हा काटा जानेवारीपासून तीन किलो कमी दाखवत होता, मीच फिरवला होता. ती म्हणाली, माहितीये. मी पहिल्या दिवसापासून त्यात तीन मिळवूनच वाचतेय, तुम्हाला कशाला दुखवा म्हणून गप्प बसले. मग तिने फोटो उचलला, काचेवरचे माझ्या बोटांचे ठसे पदराने पुसले आणि परत खिळ्याला लावला. म्हणाली, राहू दे, दोघंही छान आलेत.

१२ मार्चच्या नोंदीतला 'तीन' आडवी रेघ मारून खोडला. वर 'दोन' लिहिलं. नियमाप्रमाणे शेजारी सही केली.